तोंड नसलेला फोटो

उयुनी, ४ ऑक्टोबर

निल्दाताई,

तुझं पत्र बसवाल्याने काल हातात दिलं. आई बरी आहे हे वाचलं, बरं वाटलं. तू बरी असणारच, तुला आजारी पडायला शाळेतून सुट्टी कुठे मिळते. तुझ्या नवरोबाला, ग्रोव्हरला, नमस्कार सांग आणि त्याची टॅक्सी अजून प्रत्येक चढाला खोकते का तेही विचार. माझी तब्येत ठीक. झाली विचारपूस.

फोन का उचलत नाहीस असं तू दोनदा लिहिलंयस. कारण फोनवर तू बोलतेस आणि मी ऐकतो. कागदावर निदान माझी पाळी येते. आणि हे पत्र लाल पेनाने दुरुस्त करून परत पाठवू नकोस, मागचं पाठवलंस तसं. मी तुझ्या चौथीच्या वर्गात नाही.

आता फोटोचं. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, पट्टी निघाली आणि घरी आल्या आल्या तिने पप्पांचा फोटो भिंतीवरून काढून खिडकीशी नेला आणि म्हणाली, याला तोंडच नाही. ठीक आहे. पण मार्चपासून दर सोमवारी त्या फोटोपुढे मेणबत्ती कोण लावतं? तू. दोन धडधाकट डोळ्यांनी. सहा महिने तुला दिसलं नाही ते मोतीबिंदूवाल्या बाईला एका दिवसात दिसलं. हे आधी लिहून ठेवतो, कारण तू मला सात पानं भरून जे काय म्हटलंयस त्याच्या बदल्यात तुलाही कुणीतरी काहीतरी म्हणायला हवं.

आई म्हणते की तोंड नसलेला माणूस जेवणार कशाने, म्हणून ती यंदा मृतांच्या सणाला टेबल मांडणार नाही. मला कळतं ते. मी रानात वाढलेलो नाही. पहिलं वर्ष आहे, एक नोव्हेंबरला दुपारी बाराला पप्पांचा जीव घरी यायचा, दोन तारखेच्या बारापर्यंत राहायचा, त्याच्यासाठी पावाच्या बाहुल्या, मक्याची दारू चिचा, शेंगदाण्याचं सूप, सगळं त्याच्या फोटोपुढे मांडायचं. तीन वर्षं हे चुकवायचं नसतं. पहिल्याच वर्षी चुकलं तर जीव दारोदार फिरतो आणि दुसऱ्यांच्या टेबलावरचं उष्टं खातो, असं शेजारच्या बाई, दोन्या पास्ताशिया, म्हणतात. त्यांना असल्या गोष्टी फार माहीत असतात. एवढं सगळं मान्य. पण त्यासाठी मी काय करू? नवं तोंड काढून देऊ?

ते तर ग्रोव्हरने करून पाहिलंच. क्लिसा गावातल्या फोटोवाल्याकडून संगणकावर तोंड बसवून आणलं आणि पप्पा निवडणुकीला उभे राहिल्यासारखे हसायला लागले. आईने तो फोटो चुलीत घातला हे वाचून मी एकटाच बसून हसलो. ती आपली आई नसती तर मी तिला मैत्रीण केली असती.

दुसरा फोटो पाठव म्हणतेस. दुसरा नाही. लग्नातल्या फोटोत ते बावीस वर्षांचे आहेत, त्या पोराला आईशिवाय कुणीच ओळखणार नाही आणि आई म्हणते, जीव गेला त्या चेहऱ्यानेच परत येतो. ग्रोव्हरच्या फोनमध्ये तीन आहेत, तिन्हींत पप्पांची पाठ आणि पुढे ताट. जन्मभर टोप्या बनवल्या, दुसऱ्यांच्या डोक्यावर बसवून बघितल्या, पण स्वतः कधी कॅमेऱ्यासमोर उभे राहिले नाहीत. माझ्या लहान नव्या कॅमेऱ्यात काही असेल असं तुला वाटतं. त्याचं कार्ड खराब झालं. इथे सगळ्यात मीठ शिरतं.

आणि तोंड का नाही, तेही सांगतो, म्हणजे तू पुन्हा विचारणार नाहीस. तुला वाटतं, फोनवर बोट टेकलं की फोटो झाला. पप्पांचा तो फोटो मी डोन सेवेरोंच्या पेटीने काढला, ती तशी चालत नाही. लाकडी खोकं, पुढे भिंग, मागे काळ्या कापडाची बाही. बाहीतून हात घालून अंधारात चाचपडत आत कागद लावायचा, भिंगावरचं झाकण काढायचं, आकडे मोजायचे, झाकण परत लावायचं, मग आतच औषधाच्या दोन डब्यांत कागद बुडवायचा. आधी उलटा येतो, गोऱ्याचा काळा. त्याचा परत फोटो काढला की सुलटा. म्हाताऱ्याने आपल्या पुनाताच्या चौकात चाळीस वर्षं हेच केलं, भर उन्हात, दोन सेकंदांत. माझ्याकडचा कागद त्यांच्याच कपाटातला, तू दोन वेण्या घालून शाळेत जायचीस तेव्हाचा. असला कागद आळशी होतो. खोलीत, खिडकीच्या उजेडात, त्याला तीस सेकंद लागतात. एखाद्या ठिकाणी उजेड घेतो, एखाद्या ठिकाणी घेत नाही. तोंडापाशी घेतला नाही. कागदाचा दोष.

इथे मी जीप धुतो. मिठाच्या मैदानावरून पर्यटकांच्या जीप येतात, पोटाखालचं मीठ त्याच दिवशी खरवडलं नाही तर महिन्याभरात पत्रा खाऊन टाकतं. दिवसभर चिखलात उताणा पडलेला असतो, तुला आवडेल असं दृश्य. मालक बरा आहे. त्याच्याकडून दुधाच्या पावडरीचा मोठा डबा मागून घेतला, त्याला सुईने भोक पाडलं, आत कागद लावला आणि मैदानावर जीपांच्या वाटेवर दगडात दाबून दिवसभर ठेवला. भिंग नाही, बटण नाही, काही नाही. संध्याकाळी काढला तर क्षितिज आलेलं, सूर्याची एक जाड वाकडी रेघ आलेली, आणि त्याच वाटेवरून गेलेल्या वीसेक जीपांपैकी एक नाही. रिकामं पांढरं मैदान. जे हलतं ते असल्या फोटोत राहतच नाही. मला तर वेड लागलं. आता दोन डबे आणखी करतोय, एक चौकोनी.

तुझ्या पत्राची शेवटची ओळ. "पप्पा गेले त्या बुधवारी दुपारी ते माझ्याविषयी काही बोलले का?" याचं उत्तर मी पुरण्याच्या दिवशी दिलंय, तू कबरीशी मला बाजूला ओढून विचारलंस तेव्हा. आई सकाळी औषध आणायला कोचाबांबाला गेली, त्यानंतर लगेच त्यांची वाचा गेली. मला वाटलं थकलेत म्हणून गप्प आहेत, म्हणून तुला फोन करायला साडेपाच वाजले. तू मला तेव्हाच मूर्ख म्हणालीस. तेच उत्तर आहे. मूर्ख.

आईला माझा मुका दे. तू नुसतं पत्र फाड.

रेनान

* * *

तुपिसा, १६ ऑक्टोबर

निल्दाताई,

तुझं पत्र उयुनीहून फिरत फिरत इथे आलं. जीप धुणं सोडलं. का, ते विचारू नकोस, तुझ्याकडे उत्तर तयार असतंच. इथे एका सायकलवाल्याकडे पंक्चर काढतो. आई जेवत नाही हे वाचून वाईट वाटलं. खरंच वाटलं, म्हणून आधी लिहिलं.

बाकी तुझं पत्र वाचून असं वाटलं की पोलिसात नोकरी करायचं सोडून तू शिक्षिका का झालीस.

माझंच पत्र तू मला परत पाठवलंस, आणि या वेळी चुका दुरुस्त केल्या नाहीस, फक्त एका वाक्याखाली लाल रेघ मारलीस. जे हलतं ते असल्या फोटोत राहतच नाही. नुसती रेघ. बाजूला काही लिहिलं नाहीस. शाळेतही असंच करतेस का? पोरं रात्री झोपत नसतील.

आणि तेवढ्यावर भागलं नाही म्हणून फोटो घेऊन डोन सेवेरोंकडे गेलीस. त्यांनी चष्मा लावून बघितला आणि काय म्हणाले ते तू अवतरणात लिहिलंयस, तेच परत लिहितो, म्हणजे तुला कळेल की मी वाचलंय. "पोरी, कागद तोंड खात नाही. हा माणूस बोलत होता."

म्हातारा स्वतः काय दिवे लावायचा ते तुला माहीत नसेल. एकदा याने नवरीचा फोटो काढताना मोजता मोजता चौकातल्या कुणाशी तरी भांडण काढलं आणि नवरी कोळशासारखी काळी आली, तर म्हणाला, पोरीच्या नशिबातच आहे. आणि आता तो माझ्या फोटोतून माणसं बोलताना ऐकतो. एवढे कान होते तर नवरीची आई शिव्या देत होती ती का ऐकू आली नाही?

पुढे तू दोन्या पास्ताशियांनाही गाठलंस. त्या म्हणाल्या की त्या दुपारी अंगणातून जाताना त्यांनी खिडकीतून बघितलं, मी लाकडी पेटीमागे उभा होतो, बाजूला स्टुलावर लहान कॅमेरा होता आणि त्याचा लाल दिवा लागला होता. बाईला शंभर पावलांवरून पप्पांच्या टोपीवरचा डाग दिसायचा, दिवा दिसणारच. दिसला असेल. मग?

मी स्टुलावर लहान कॅमेरा ठेवला होता कारण मला जुना आणि नवा शेजारी शेजारी लावून बघायचे होते. एकच माणूस, एकच खिडकी, एकच वेळ, हा काय घेतो आणि तो काय घेतो. मी हे नेहमी करतो. तुझ्यासारखी माणसं एक कॅमेरा घेतात आणि त्याने वाढदिवस काढतात. मला बघायचं असतं. आता इथे त्या रशियन कॅमेऱ्याचं चाललंय, तो कोचाबांबाच्या बाजारातून आणलेला. त्याच्या आतल्या काळ्या पडद्याला बारीक भोकं पडलीत, त्यामुळे प्रत्येक फोटोत आभाळात तीन चंद्र येतात. कापडाचा काळा रंग लावून दोन बुजवली. तिसरं बुजवत नाही. इथले लाल डोंगर आणि वर एक खोटा चंद्र, सायकलवाल्याच्या बायकोने तो फोटो मागून घेतला आणि आरशाला खोचला. तिने विचारलंही नाही की चंद्र कुठून आला. काही माणसं अशी असतात, विचारत नाहीत.

बरं. बोलत होते. मान्य. वाचा गेली नव्हती. पाणी मागत होते. झालं समाधान? मी फोटो काढत होतो आणि ते पाणी मागत होते, मी फोटो संपल्यावर दिलं. माणसाने तीस सेकंद पाणी दिलं नाही, त्याला फाशी द्या. तू आठ महिने त्यांचं सगळं केलंस, अंघोळ, औषध, रात्री उठणं, सगळ्यांनी तुझी तारीफ केली, आणि मी तीन दिवसांसाठी आलो तर माझ्या तीस सेकंदांचा हिशेब. त्या सोमवारी शाळेच्या परीक्षा आहेत म्हणून निघून तूच गेलीस. मी नाही गेलो. मी तिथे होतो. कॅमेरे घेऊन का होईना, मी होतो.

जाताना दारात तू मला काय म्हणालीस ते आठवतं का? म्हणालीस, जरा काही वाटलं तर फोन कर, ग्रोव्हरच्या गाडीने वीस मिनिटांत येते, आणि कृपा करून या वेळी तरी ती खेळणी बाहेर काढू नकोस. खेळणी. मी अठ्ठावीस वर्षांचा आहे. सोमवार तसाच गेला. मंगळवारीही मी हात लावला नाही. फक्त खिडकी बघत होतो. दुपारी तीनच्या पुढे त्या खिडकीतून उजेड असा यायचा की पप्पांच्या हातांवरचा चुन्याचा पांढरा रंग, जो साबणाने कधी गेला नाही, तोसुद्धा वेगळा दिसायचा. आयुष्यभर टोप्यांना चुना लावून त्यांच्या छातीत तो बसला आणि त्यानेच त्यांना नेलं, हे डॉक्टरने सांगितलं तेव्हा तू रडलीस, मी हातांकडे बघत होतो. ते चूक असेल. पण मी तसा आहे.

बुधवारी आई गेल्यावर काढली खेळणी.

वर लिहिलंय की पाणी मागत होते. कागद थोडा आहे म्हणून खोडत नाही. पण पाणी मागत नव्हते.

दुकान उघडायची वेळ झाली.

रेनान

* * *

विल्यासोन, २७ ऑक्टोबर

निल्दाताई,

तू बरी असशील, आई बरी असेल असं लिहायला हवं, पण तुझ्या या पत्रात फक्त दोन ओळी होत्या. आईने पीठही आणलेलं नाही. आणि, काय मागत होते. सवालाखाली नावही नाही. म्हणून मीही सरळ लिहितो. पूल ओलांडला की अर्जेंटिना आहे, तिकडे द्राक्षांच्या कामाला माणसं हवीत असं ऐकलं. हे पत्र आणि सोबतची पुडी आज दुपारच्या बसच्या ड्रायव्हरच्या हातात देतोय. परवा तुला मिळेल. पुडीत लहान कॅमेऱ्याचं कार्ड आहे. ते खराब झालेलं नाही. झालं नव्हतं.

मी घाईत होतो असं दाखवता आलं असतं, पण घाई नव्हती. पप्पा बुधवारी चांगले होते. उशा लावून बसले होते, सकाळी दोन चमचे सूप घेतलं होतं. मी विचारलं, फोटो काढू का. ते म्हणाले, काढ, तुझ्या त्या शवपेटीने काढ. डोन सेवेरोंच्या पेटीला ते शवपेटी म्हणायचे हे तुला माहीत आहे. हसलेसुद्धा. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा मला फोटोला हो म्हटलं होतं, आणि माझ्याकडे त्या जुन्या कागदाचे फक्त सहा तुकडे उरले होते. उजेड तीन ते चार. एवढंच मी बघितलं. दुसरं काही बघितलं नाही.

पहिला काळा आला. दुसरा त्यांना खोकला आला म्हणून गेला. मग ते जरा टेकले, डोळे मिटले, उघडले, आणि म्हणाले निल्दाला बोलाव. मी हो म्हणालो. मी तेव्हा बाहीत हात घालून तिसरा कागद लावत होतो. मला वाटलं हा एक होऊ दे. तुला वाटतं मी ऐकलं नाही. ऐकलं. मला वाटलं ही आली की खोलीत उजेडाआड उभी राहणार, उशा हलवणार, खिडकी लावणार, आणि म्हणणार खेळणी बंद कर. खरं तेच वाटलं. वीस मिनिटांत येते म्हणाली होतीस, वीस मिनिटांतच आली असतीस, म्हणूनच. तू उशीर करणारी असतीस तर मी लगेच फोन केला असता.

लहान कॅमेरा स्टुलावर लावला आणि त्याचं बटण दाबलं. त्याच्यावरची ती गोल चकती जरा घासली गेली की फोटोऐवजी चित्रफीत घ्यायला लागतो, नव्या कॅमेऱ्यांचं हे नेहमीचं आहे, दहादा झालंय माझं. तेव्हाही तेच झालं. मला कळलं नाही. म्हणून पास्ताशियांना लाल दिवा दिसला. म्हणून त्या तिसऱ्या कागदाचे तीस सेकंद, ज्यांत पप्पांचं तोंड गेलं, ते सगळे कार्डावर आहेत. आवाजासकट.

तू ऐकशीलच, म्हणून आधी सांगतो. नुसतं ऐकायला सोडणं माझ्याच्याने होत नाही.

आधी माझा आवाज आहे, आकडे. एक, दोन, तीन. नवाच्या आसपास ते म्हणतात, "बोलावलंस का निल्दाला?"

मी म्हणतो, "हो पप्पा. निघालीये ती. हलू नका."

आणि पुढे मोजतो. अकरा, बारा.

परत वाच. मी तेच करतो, सात महिने झाले. फोन अंगणात दोरीवर वाळत घातलेल्या शर्टाच्या खिशात होता. मी हात लावला नव्हता.

अठराला ते म्हणतात, कशाने येतेय. मी म्हणतो, ग्रोव्हरच्या गाडीने. जरासुद्धा वेळ घेतला नाही बघ मी, विचारसुद्धा केला नाही, खोटं असं सुटलं जसं कुणी शिकवून ठेवलं होतं. मग ते तोंड मिटतात. मान दाराकडे वळवतात. तीसला मी झाकण लावतो आणि म्हणतो, मस्त, पप्पा, मस्त.

तो कागद मी अंगणात नेला. धुतला, उन्हात धरला, परत त्याचा सुलटा केला, तो धुतला. तोंडाच्या जागी धूसर दिसलं तेव्हा मला राग आला. त्यांचा. हलू नका सांगितलं होतं म्हणून. तरी फोटो सुंदर होता, हात सुंदर आले होते, मी खूश होतो ताई. हे कुणाला सांगितलं नाही. त्या दुपारी मी जेवढा खूश होतो तेवढा कधीच नव्हतो. चौथा काढायला आत गेलो तर उजेड उतरला होता आणि ते दाराकडेच बघत होते. मला म्हणाले, गाडी बंद पडली असेल. मी म्हणालो, असेल. ग्रोव्हरची गाडी, काय भरवसा. दोघं हसलो. नंतर ते म्हणाले, की परीक्षा असतील. साडेपाचला हाक मारली तर उत्तर आलं नाही. तेव्हा दोरीवरचा शर्ट काढला, फोन काढला.

तू सहाच्या आत आलीस. त्यांचा हात धरून कानात म्हणत होतीस, पप्पा मी आले, कळल्यावर लगेच आले. त्यांना ऐकू येत नव्हतं. मला येत होतं.

तर तुला उत्तर हवं होतं ते हे. तुझ्याविषयी बोलले. दुसऱ्या कशाविषयीच बोलले नाहीत. आणि तुला बोलावलंय, तू निघालीस, आणि आली नाहीस, असं समजून ते गेले.

कबरीशी तू मला मूर्ख म्हणालीस, सगळ्यांदेखत, मामांदेखत, आणि मी मान खाली घातली. सगळ्यांना वाटलं मला लागलं. मला सुटल्यासारखं झालं. मूर्ख म्हणवून घेणं फार सोपं होतं. त्यानंतर तू जे जे लिहिलंस, भटक्या, बेजबाबदार, खेळणीवाला, त्या प्रत्येकाला मी मनापासून शिव्या दिल्या, आणि प्रत्येक वेळी बरं वाटलं, की हिला अजून माहीत नाही.

म्हणून माफी मागत नाही. मागितली तर तू देशील, तू तशी आहेस, मोठेपणाने देशील, आणि पुढची चाळीस वर्षं मला त्या माफीसमोर उभं राहावं लागेल. ते नको. तुझा राग मला चालतो. त्याच्याबरोबर मी मोठा झालो. पप्पांसमोर तू दर वेळी बरोबर असायचीस आणि मी दर वेळी बाहेर असायचो, हेही खरं आहे आणि ते मी मागे घेत नाही. तुझ्यामुळे फोन केला नाही असं मी लिहिलं, तेही मागे घेत नाही, पण हात माझे होते.

आता कामाचं. क्लिसाच्या त्या फोटोवाल्याला सांग, चित्रफीत थांबवत थांबवत बघ. बाविसाव्या सेकंदाला पप्पांनी तोंड मिटलंय, मान दाराकडे आहे पण चेहरा पुरता दिसतो, ओठ, मिशी, सगळं. तेवढाच काढून छापायला सांग. त्याने स्वतःचं काही जोडायचं नाही. आईला तो दाखव, ती ओळखेल, मग पीठ आणेल. आवाज तिला ऐकवू नकोस. ग्रोव्हरला ऐकवलास तरी चालेल, त्याच्या गाडीला त्यात नाहक बोल लागलाय.

डोन सेवेरोंना सांग की पेटी मी घरून निघतानाच दोन्या पास्ताशियांकडे ठेवली आहे, त्यांनी घेऊन जावी. मला ती नको. रशियन इथेच विकला. डबे टाकून दिले.

मी येणार नाही. टेबलाशी माझी जागा ठेवू नका, कुणी विचारलं तर पूल ओलांडला सांग. एक तारखेला बाराला ते येतील. तू दाराशी बस, आत कामात राहू नकोस, आणि ते आले की सगळ्यांच्या आधी, जेवण वाढायच्याही आधी, तूच त्यांना सांग की तुला कुणी बोलावलंच नव्हतं. मी सांगितलं तर ते पटवून घेणार नाहीत. त्यांनी त्या दिवशी माझ्यावर विश्वास ठेवलाय.

ज्याने तुला फोन केला नाही, तो
रेनान